थोरल्याच्या वाट्याचा ‘मग?’

आईच्या कानातलं मशीन बनवलं थोरल्याने आणि त्यातून ती ऐकायची धाकट्याला. आता यात कोणाच्याही पोटात दुखेल. थोरल्याच्या तर पोटात दुखायचं, तिथून डोक्यात जायचं आणि जेवण झालं तरी खाली उतरायचं नाही.

दोघे भाऊ एकाच कंपनीत. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानाची मशीनं बनवणारी कंपनी. थोरला डिझाइनमध्ये. कुठला आवाज किती वाढवायचा आणि कुठला दाबायचा हे ठरवणं त्याचं काम, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ऑफिसात सगळे त्याला पाठीमागे ‘डेसिबल’ म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. धाकटा साचेवाला. दवाखान्यादवाखान्यांत जाऊन तो लोकांच्या कानात मऊ लगदा भरायचा. लगदा घट्ट झाला की बाहेर काढायचा, म्हणजे त्या साच्यावरून कानात नेमकं बसणारं मशीन करता येई. लगदा भरलेला असताना माणसाने जबडासुद्धा हलवायचा नाही. एक कान बुजलेला, दुसरा मोकळा. त्या मोकळ्या कानाशी धाकटा गप्पा मारत बसायचा. आणि लगदा निघाला की इतका वेळ गप्प बसलेली माणसं अशी काही बोलत सुटायची की विचारू नका. त्यामुळे धाकट्याकडे गोष्टींना तोटा नव्हता.

त्याला कंपनीत चिकटवला कोणी? थोरल्यानेच. “भाऊ फार हुशार नाही, पण हाताने हलका आहे,” असा शब्द टाकून. त्याच धाकट्याला आता दरवानापासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळे थांबवून विचारत, “काय, आज काय नवीन?” आणि थोरला समोरून येताना दिसला की त्याच सगळ्यांना राहिलेली कामं आठवत. कानामागून आला आणि तिखट झाला, असं थोरला मनातल्या मनात म्हणायचा. कानाच्या कंपनीत ही म्हण जरा लवकरच सुचते.

ऑफिसातलं एक वेळ सोडून दिलं असतं त्याने. घरचं सोडवत नव्हतं.

आई थोरल्याकडे राहायची. धाकट्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे. कामावरून परतताना तो रोज डोकावायचा. दारात तो दिसला की आई हातातलं काम टाकायची, फडताळावरची निळी डबी उघडायची, मशीन कानात बसवायची आणि खुर्ची ओढून म्हणायची, “हं, बोल.”

“आज एक आजोबा आले होते,” धाकटा सुरू करायचा. “आले कसले, बायकोने दंडाला धरून आणलं होतं.”

“मग?”

“मग काय, लगदा काढल्याबरोबर माझ्यावरच उखडले. म्हणे, हिचं ऐकावं लागू नये म्हणून मी आयुष्यभर खपून बहिरा झालो, आणि तू एका दिवसात सगळं पाण्यात घालतोस!”

“अगं बाई! मग?”

थोरल्याच्या जिव्हारी लागायचा तो हा ‘मग?’. तो विचारताना आई पुढे झुकायची, तिच्या भुवया वर जायच्या आणि हातातला चहा थंड व्हायचा. थोरल्याला तिने तो कधी विचारला नव्हता. त्याला मिळायचा ‘बरं’. थोरल्याने दिवसभराचं काम मुद्देसूद सांगायला घेतलं की एक ‘बरं’, दुसरा ‘बरं’, आणि तिसऱ्या ‘बरं’ला आईचा हात कानाकडे जायचा. मशीन बाहेर. डबीत. टक्.

“कानाला जरा हवा लागू दे रे,” ती म्हणायची.

ज्याने मशीन बनवलं, त्याच्याच तोंडावर मशीन बंद! आणि हे तिला लागेल असं बोलूनही दाखवता येत नव्हतं, कारण बोलायला जावं तर तिला ऐकू कुठे येत होतं?

त्यात ते नवीन मॉडेल तयार झालं. झालं म्हणजे थोरल्याने त्यात जीव ओतला होता. जुन्या मशीनची एक खोड होती. बारीक आवाज, विशेषतः पोरांचे, भांड्यांच्या खणखणाटात हरवायचे. आवाज वाढवावा तर भांडीही वाढायची. नवीन मशीन पोराचा आवाज उचलायचं आणि भांड्यांना जागच्या जागी ठेवायचं. एका मोठ्या हॉस्पिटलचे कानाचे डॉक्टर ते बघायला येणार होते. त्यांनी पसंत केलं तर मॉडेल चालणार, नाही केलं तर गुंडाळणार. मॅडमनी थोरल्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

“आकडे, ग्राफ, सगळं तुम्ही तयार करा,” त्या म्हणाल्या. “बोलतील तुमचे बंधू.”

थोरल्याला क्षणभर वाटलं, आपल्यालाच मशीनची गरज आहे. “बंधू? मॅडम, त्याला यातलं ओ की ठो कळत नाही.”

“डॉक्टरांना कळतं ना. मागच्या वेळी तुम्ही बोललात तेव्हा पहिल्या रांगेतले डॉक्टर घोरत होते. आणि तुम्ही भाषण थांबवून त्यांच्या घोरण्याची पट्टी सांगितलीत.”

“ती बरोबर होती.”

“होती हो,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून तर म्हणते, बंधूंना बोलू द्या.”

थोरला केबिनबाहेर आला तो अंगाचा तिळपापड होऊनच. बीळ खणलं याने, आणि नागोबा येऊन बसणार तो! घरी आल्यावर त्याने बायकोपुढे सगळा राग ओकला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हात थांबवला नाही.

“तुम्हाला सांगता येत नाही, त्यात भावजींचा काय दोष? नाचता येईना अंगण वाकडं.”

“मी बोलतो ते मुद्देसूद असतं.”

“असतं की. पण त्यात तुम्ही कुठे असता?”

थोरल्याला हे वाक्य कळलं नाही, म्हणून त्याने ते चूक ठरवलं.

तेवढ्यात धाकटा आलाच. आईने डबी उघडली. पण आज धाकट्याने गोष्ट सुरू केली नाही. तो थोरल्यापाशी बसला. “दादा, नव्या मशीनची एखादी गोष्ट दे ना. तुला ते का सुचलं?”

“का म्हणजे? जुन्यात दोष होता.”

“पण तो तुला टोचला कुठे?”

“टेस्टमध्ये.”

“अरे, पण कोणी भेटलं असेल, काही घडलं असेल...”

“बारीक आवाजाची स्पष्टता कमी येत होती,” थोरला म्हणाला आणि कशी कमी येत होती ते सांगू लागला. धाकट्याने हात टेकले. आई दोघांकडे बघत होती. तिचा हात कानाकडे गेला. टक्.

आता इथे शहाण्या माणसाने विचार केला असता की आपल्या बोलण्यात काय कमी आहे. थोरल्याने विचार केला की मशीनच्या सेटिंगमध्ये काय कमी आहे. त्याचा स्वतःचा आवाज जाडा, खालच्या पट्टीतला. धाकट्याचा बारीक, चिरका. म्हणजे उघड आहे, जुनं मशीन धाकट्याला धार्जिणं आहे! त्याला हायसं वाटलं. आई भेदभाव करत नव्हती, मशीन करत होतं. आणि मशीनचा कान पिळणं त्याच्या हातात होतं.

“आई, मशीन दे जरा, सर्व्हिसिंग करतो,” असं म्हणून त्याने ते लॅपटॉपला जोडलं आणि जाडा आवाज वाढवला. जेवताना मोठ्या आशेने बोलायला लागला. आधी तिसऱ्या ‘बरं’ला निघणारं मशीन त्या दिवशी पहिल्यालाच निघालं.

मग थोरल्याने ते केलं जे त्याने करायला नको होतं. मशीन परत मागून घेतलं आणि सगळा बारीक आवाज खाली ओढला. धाकट्याचा आवाज जिथे होता, तिथे कात्री लावली. हा एक प्रयोग आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण बायको खोलीत आली तेव्हा त्याने लॅपटॉप मिटला. प्रयोग करणारा माणूस कधी लॅपटॉप मिटतो का?

दुसऱ्या संध्याकाळी धाकटा आला, बोलायला लागला, आणि आईच्या कपाळाला आठी पडली. “काय? मोठ्याने बोल ना. तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय.”

धाकटा खाकरला. पुन्हा बोलला. आईने ऐकू येत नाही अशी मान हलवली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला थोरला पेपर वाचत असल्यासारखा बसला होता आणि त्याचं मन उड्या मारत होतं. आता ही कंटाळेल. आता हात कानाकडे जाईल.

आईचा हात गेला तो धाकट्याच्या मनगटाकडे. “जवळ ये,” ती म्हणाली. धाकट्याने खुर्ची ओढली, गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन गोष्ट सांगू लागला. आईने त्याचं मनगट सोडलं नाही. दोन डोकी एकाला एक टेकली होती, दोघे खुदुखुदु हसत होते, आणि मधूनच तो शब्द यायचा, आता तर गुपितासारखा हळू: “मग?”

आजवर थोरल्याला निदान टेबलाच्या टोकावरून गोष्ट ऐकू तरी येत होती. आता तीही गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तो असा हट्टी की सेटिंग बदललं नाही. बघू या, किती दिवस कानाशी लागतो ते, असं म्हणत तो रोज संध्याकाळी जळत बसला.

त्याच आठवड्यात एके दिवशी थोरला लवकर घरी आलेला असताना त्याची लेक शाळेतून धावत आली. लहान पोर, आवाज शिट्टीसारखा. तिला नाटकात काम मिळालं होतं. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, कानात मशीन होतं.

“आजी!” लेक ओरडली. “आजी, मला राणी केलंय! आजी!”

आई वळली नाही. ती शांतपणे भांडी विसळत होती. लेकीने आणखी एकदा हाक मारली, जरा हळू. मग थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि दप्तर ओढत आतल्या खोलीत निघून गेली. तिथे ती थोरल्याच्या बायकोला विचारत होती ते त्याला ऐकू आलं, “आजी माझ्यावर रागावलीये का गं?”

धाकट्याच्या आवाजाला लावलेली कात्री आपल्याच लेकीवर चालली होती. दोघांची पट्टी एकच! ज्या माणसाला डॉक्टरांच्या घोरण्याची पट्टी सांगता येत होती, त्याला ही सुचली नव्हती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की आईकडून मशीन मागताना तिच्याकडे वर बघवेना.

“परत सर्व्हिसिंग?” आईने विचारलं.

त्याने मान हलवली. सगळं होतं तसं केलं, मशीन तिच्या हातात दिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन लेकीला म्हणाला, “जा, आता हाक मार.” ती दारातूनच ओरडली आणि आई गर्रकन वळली. नाटकातली राणी आजीच्या ओल्या हातांत शिरली. थोरला मूग गिळून बसला.

डॉक्टर आले. कंपनीच्या हॉलमध्ये धाकटा पुढे उभा राहिला आणि थोरला मागे, स्लाइड बदलायला. धाकट्याने सुरुवात केली ती बायकोने धरून आणलेल्या आजोबांपासून. हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई तर चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मॅडम मान डोलावत होत्या. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या मशीनचा अजून उल्लेखही नव्हता आणि टाळ्या सुरू!

“आणि हे नवीन मशीन म्हणजे,” धाकटा रंगात येऊन म्हणाला, “आजीचं मनच आहे बघा. नात बोलली की त्याला कळतं, ही आपली नात!”

“चूक आहे ते,” मागून आवाज आला.

तो थोरल्याचा होता. त्याने ठरवलं नव्हतं, पण तो उभा होता. “मशीन नात-बीत काही ओळखत नाही. त्याला फक्त पट्टी कळते.”

गिऱ्हाइकासमोर आपल्याच मालाची स्तुती खोडून काढणारा माणूस मॅडमनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी कपाळाला हात लावला. धाकट्याने मात्र माइक पुढे केला. “दादा, तू सांग.”

थोरल्याने माइक घेतला आणि आकडे सांगायला लागला. त्याला दुसरं येत काय होतं? पहिली ओळ, दुसरी ओळ. डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. टक्.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. निळ्या डबीचा. तो थांबला. आणि समोर एवढी माणसं असताना त्याच्या तोंडून निघून गेलं, “मी बोलायला लागलो की माझी आई मशीन काढून ठेवते.”

कोणीतरी हसलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

“हेच जुनं मशीन. मीच बनवलेलं. माझा भाऊ आला की घालते, मी आलो की काढते. मला हेवा वाटला. म्हणून मी मशीनमध्ये त्याचा आवाज कापला. मुद्दाम.” त्याला धाकट्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. “त्याचा आवाज बारीक आहे. माझ्या मुलीचाही आहे. हे मी विसरलो. आवाजाचंच काम करतो मी, आणि विसरलो. ती आजीला हाका मारत होती, आजी भांडी विसळत होती. मुलीला वाटलं आजी रागावली.”

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

“मी ते मुद्दाम केलं,” थोरला म्हणाला. “पण जुन्या मशीनमध्ये नुसती भांडी वाजली तरी तेच होतं. तुमच्या पेशंटांच्या घरी कोणी मुद्दाम काही करत नाही, आणि तरी रोज एखादं पोर असं दप्तर ओढत आत जातं. नवीन मशीन असलं की जात नाही. पुढचं ग्राफमध्ये आहे.”

“मुलगी आता बोलते ना आजीशी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दिवसभर. आता तिच्यामुळेही आई मशीन काढते.”

हॉल असा हसला की थोरला दचकला. त्याने तर फक्त खरं ते सांगितलं होतं.

पुढचे ग्राफ डॉक्टरांनी स्वतः मागून घेतले. मशीनं वापरून बघायला घेऊन जातो म्हणाले आणि शंका विचारायला थोरल्यालाच थांबवून ठेवलं. मधेच तो पाणी प्यायला बाहेर आला तर धाकटा उभा.

“तरीच!” धाकटा म्हणाला. “मला वाटलं घसा बसला. तेव्हा रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या मी!”

“चुकलं माझं,” थोरला म्हणाला.

“चुकलंच. नालायक आहेस.” धाकट्याने पाण्याचा पेला भरून त्याच्या हातात दिला. “पण गोष्ट सांगितलीस मात्र अशी... माझ्याकडे असली एकही नाही, दादा. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या. माझी स्वतःची म्हणून एक नाही.”

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते थोरल्याने लगेच ओळखलं. इतकी वर्षं रोज सकाळी आरशात तेच बघत होता तो. आणि लपवायचं कशाला, त्याला बरं वाटलं.

काम आटोपून घरी निघाला तेव्हा गोष्ट त्याच्या जिभेवर नाचत होती. आईला कुठून सांगायची, डॉक्टरीणबाईंचं पेन कुठे आणायचं, सगळं त्याने चालता चालता जुळवलं. दार उघडलं तर आई आणि बायको हसून हसून लाल झालेल्या, टेबलावर चहाचे रिकामे कप, आणि धाकट्याची खुर्ची अजून आईच्या खुर्चीला लागलेली.

“आत्ताच गेले भावजी,” बायको म्हणाली. “सगळं सांगून गेले. गुळण्यांचं तर काय सांगितलं! पोट दुखलं हसून.”

बोंबला! एक गोष्ट आयुष्यात जमली, तीही त्याने आधी येऊन सांगून टाकली. आणि गुळण्या घालून! थोरला हात धुवायला गेला. नळ उगाच मोठा सोडला. परत आला तेव्हा आई टेबलाशी एकटीच बसली होती. मशीन डबीत होतं. तिने ते काढलं, कानात बसवलं आणि समोरची खुर्ची दाखवली.

“आता तू सांग.”

“काय सांगू? सगळं कळलं ना तुला?”

“त्याची कळली. त्याच्या गोष्टीत तू लबाड आहेस,” आई म्हणाली. “तुझ्या गोष्टीत काय आहेस?”

थोरला बसला. “म्हणजे हॉल तसा मोठा होता. मागच्या भिंतीवरून आवाज परत येत होता, त्यामुळे सुरुवातीला स्पष्टता...”

“बरं,” आई म्हणाली.

थोरला अडखळला. “आणि मग पहिल्या स्लाइडवर...”

“बरं.” आणि तिचा हात हळूहळू कानाकडे निघाला.

थोरल्याने तो हात पाहिला. आकडे तोंडातच राहिले. तो टेबलावरच्या निळ्या डबीकडे बघत म्हणाला, “आई, तू त्याला ‘मग?’ म्हणतेस ना, ते मला सहन होत नाही. लहानपणापासून होत नाही.”

हात कानापर्यंत पोचला होता. तो तिथेच थांबला. मग आईच्या बोटाने चाचपडत मशीनवरचं बारीकसं बटण शोधलं, आवाज वाढवला, आणि खुर्ची पुढे ओढून तिने थोरल्याचं मनगट धरलं.

“मग?”